मधुमेही लेकरांच्या हृदयाची तपासणी आता टाळू नका

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आपल्या कर्जत तालुक्यात ज्या घरात मधुमेह असलेलं लेकरू आहे, त्या घरातल्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना ही कळकळीची विनंती. मूल दहा-अकरा वर्षांचं झालं असेल आणि त्याच्या पुढच्या चार तपासण्या कधी झाल्याचं आठवत नसेल, तर येत्या पंधरा दिवसांत त्या करून घ्या : तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तातली चरबी, लघवीतून जाणारं अल्ब्युमिन आणि रक्तदाब. बोटाला टोचून रोजची साखर बघता, ते चालूच ठेवा. पण त्या थेंबातून फक्त त्या घटकेची साखर कळते. लेकराच्या रक्तवाहिन्यांचं काय चाललं आहे, हे त्यातून कळत नाही.

हृदयविकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशी-साठीचा माणूस येतो. सातवीत शिकणारं, शाळा सुटल्यावर सायकल हाणत घरी येणारं पोर येत नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे गेलं तरी सगळं बोलणं इन्सुलिनच्या युनिटवर आणि आजच्या साखरेवर होतं, आणि हृदयाचा विषय निघतच नाही. तो आता आपण काढायला हवा.

मुलांमध्ये आढळणारा मधुमेह बहुतेक वेळा टाईप वन असतो. यात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. आईनं गरोदरपणी काय खाल्लं किंवा पोरानं किती गोड खाल्लं, याचा त्याच्याशी संबंध नाही. कुणाची दृष्ट लागत नाही आणि कुठला कोपही नसतो. इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं, रोज आणि आयुष्यभर. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत जात असत. इन्सुलिननं त्यांना जगवलं. आता ही मुलं शिकतात, नोकरी-शेती करतात, त्यांचे संसार होतात. म्हणूनच पुढचा प्रश्न उभा राहिला आहे : चाळिशीत त्यांचं हृदय कसं असेल? आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालानुसार वीस वर्षांखालच्या टाईप वन रुग्णांची संख्या जगात सर्वाधिक भारतात आहे, २ लाख २९ हजारांच्या घरात. हा प्रश्न दूरच्या देशातला राहिलेला नाही.

स्वीडनमध्ये मधुमेही रुग्णांची राष्ट्रीय नोंद राहते. त्या नोंदींवरून २०१८ साली 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वयाच्या दहा वर्षांच्या आत ज्यांना टाईप वन मधुमेह झाला, त्यांच्यातल्या स्त्रियांचं आयुष्य सरासरी १७.७ वर्षांनी आणि पुरुषांचं १४.२ वर्षांनी कमी भरलं. त्याचं एक मोठं कारण हृदयविकार होतं. उपचार उत्तम आणि सर्वांना मिळणाऱ्या देशातली ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्या. आणि त्यातला मुलींचा आकडा पुन्हा वाचा. मुलींबद्दल पुढे लिहिणारच आहे.

हे नुकसान चाळिशीत सुरू होत नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाच्या गावात १९७० च्या दशकापासून मुलांच्या हृदयाचा अभ्यास सुरू आहे. अपघातात किंवा इतर कारणांनी दगावलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या रक्तवाहिन्या तिथल्या डॉक्टरांनी तपासल्या, तेव्हा कोवळ्या वयातच वाहिन्यांच्या आतल्या अंगाला चरबीचे पट्टे धरलेले दिसले. ज्यांचं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, वजन जास्त होतं, त्यांच्यात ते अधिक होते. ही सर्वसाधारण मुलं होती. मधुमेही मुलाच्या रक्तात वाढलेली साखर वाहिन्यांच्या अस्तराला रात्रंदिवस इजा करत असते, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही प्रक्रिया लवकर आणि वेगानं होते. त्या काळात मुलाला काहीही दुखत नाही. छातीत कळ येत नाही, दम लागत नाही. पंधरा-वीस वर्षं हे मुकाट चालतं आणि त्याची खूण मिळते ती फक्त रक्तात आणि लघवीत.

खूण वेळेवर सापडली तर करता येण्यासारखं खूप आहे, आणि हे लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं अमेरिका आणि कॅनडात १,४४१ टाईप वन रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. रुग्ण १३ ते ३९ वर्षांचे होते. निम्म्यांना त्या काळचे नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांची साखर काटेकोर सांभाळली. पहिल्या गटाची तीन महिन्यांची सरासरी नऊच्या आसपास राहिली, दुसऱ्याची सातच्या आसपास. अभ्यास संपला, सगळ्यांना सारखेच उपचार सुरू झाले, दोन्ही गटांची साखर पुढे जवळजवळ सारखी झाली. तरीही २००५ साली हिशेब मांडला तेव्हा सुरुवातीची वर्षं साखर सांभाळलेल्या गटात हृदयविकाराच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी निघाल्या. हृदयाचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू एवढेच मोजले तर ५७ टक्क्यांनी कमी. म्हणजे कोवळ्या वयात सांभाळलेली साखर पुढे कित्येक वर्षं राखण करते. दहावी होऊ दे, मोठा झाला की बघू, समज आली की तोच सांभाळील, असं म्हणणाऱ्या प्रत्येक आई-बापानं हा अभ्यास लक्षात ठेवावा. हातातून जाणारी वर्षं हीच मोलाची वर्षं आहेत.

आता तपासणीच्या कागदाकडे वळू. लॅबचा कागद हातात आला की आपण सगळे एकच गोष्ट बघतो : कुठला आकडा ठळक छापलाय का, पुढे चांदणी आहे का. नसली की घडी घालून पिशवीत. इथेच घात होतो. उजव्या रकान्यात छापलेली मर्यादा बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते ११८ आलं तर पुष्कळ कागदांवर ते मर्यादेतच दिसेल, चांदणी येणार नाही. मधुमेही मुलासाठी मात्र ते १०० च्या आत हवं. ११८ म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरांपुढे कागद ठेवून "हे शंभरच्या वर आहे, काय करायचं?" असं विचारायचं कारण नक्की आहे. १३० च्या वर असेल आणि साखर ताळ्यावर आणून, खाण्यात बदल करून, खेळणं-पळणं वाढवून सहा महिन्यांनीही खाली येत नसेल, तर दहा वर्षांपुढच्या मुलाला कोलेस्टेरॉलची गोळी द्यायची की नाही, याचा विचार बालमधुमेहाचे डॉक्टर करतात. तो निर्णय त्यांचाच. आजोबांची गोळी अर्धी करून नातवाला देणं किंवा मेडिकलवाल्याला विचारून सुरू करणं, असं कुणी करू नये.

त्याच कागदावर ट्रायग्लिसराइडचा आकडा असतो. तो १५० च्या आत हवा. इन्सुलिन कमी पडलं की हा आकडा झपाट्यानं चढतो, कारण रक्तातली चरबी फोडून पेशींकडे नेण्याचं कामही इन्सुलिनच्याच जोरावर चालतं. मूल बेशुद्ध होऊन दवाखान्यात आलं असेल तेव्हा कधी कधी त्याचं रक्त सिरिंजमध्ये दुधाळ दिसतं, ते यामुळेच. म्हणून चरबीची तपासणी साखर अगदी बेताल असताना करू नये. निदान झाल्यावर इन्सुलिन बसलं, साखर जरा आटोक्यात आली की एकदा करावी. सगळं ठीक निघालं तर दहा-अकराव्या वर्षी पुन्हा, आणि मग दर तीन वर्षांनी. आकडा बिघडलेला असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर.

एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४० च्या वर असावं. पण इथे एक फसगत आहे. टाईप वनच्या मुलांमध्ये ते पुष्कळदा चांगलं किंवा वरच्याच बाजूला दिसतं आणि घरचे निर्धास्त होतात. साखर वाढलेल्या रक्तात हे चांगलं कोलेस्टेरॉल आपलं काम नीट करीलच असं नाही. त्यामुळे त्या एका आकड्यावर विसंबू नका. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, उरलेला आकडा १२० च्या आत असेल तर बरं, १४५ किंवा त्याहून जास्त असेल तर लगेच दाखवा. ही वजाबाकी सातवीतलं पोर स्वतः करू शकतं, आणि ती त्यालाच करू द्या. आपल्या शरीराचा हिशेब त्याला येऊ द्या.

उपाशी पोटाबद्दल नीट ऐका, यात जिवाला धोका आहे. लॅबमध्ये सांगितलं म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या लेकराला पहाटेपासून उपाशी ठेवून एसटीनं कर्जतला किंवा नगरला आणू नका. रस्त्यात साखर खाली गेली तर मूल घामेजून, थरथरून बेशुद्ध पडू शकतं. चरबीची पहिली तपासणी उपाशी नसतानाही चालते. आकडा जास्त आला तरच उपाशी पोटी पुन्हा करायची, आणि तेव्हा सकाळच्या इन्सुलिनचं काय करायचं हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून घ्यायचं. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी कायम हवी.

तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, दर तीन महिन्यांनी बघावी. सर्वसाधारणपणे ती सातच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. दहा-अकरावर असलेल्या मुलानं एकदम सातवर उडी मारावी असं नाही. दहाची नऊ, नऊची आठ झाली तरी फायदा होतो. आपल्याकडे एका गोष्टीचं भान ठेवावं लागतं : रक्त कमी असलेल्या मुलांचा हा आकडा दिशाभूल करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोह कमी असलं तर सरासरी साखर खरी असते त्यापेक्षा जास्त दिसू शकते. म्हणून वयात आलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन सोबत बघावंच. थायरॉइडही बघावं, कारण टाईप वनच्या मुलांमध्ये थायरॉइड मंदावणं बऱ्यापैकी आढळतं, आणि ते मंदावलं की कोलेस्टेरॉल आपोआप वाढतं. कोलेस्टेरॉलवर उपचार सुरू करण्याआधी हे कारण शोधावं.

लघवीची तपासणी सगळ्यात सोपी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. सकाळची पहिली लघवी बाटलीत घ्यायची आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, लॅबच्या भाषेत यूरिन एसीआर, मागायचं. मूल दहा-अकरा वर्षांचं झालं आणि मधुमेहाला दोन ते पाच वर्षं झाली की ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी. ३० च्या वर आकडा म्हणजे किडनीच्या गाळणीतून प्रथिनं झिरपू लागली आहेत. ही खूण फक्त किडनीची नाही. शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा पोहोचू लागल्याची ती पहिली वर्दी असते, आणि हृदयाच्या धोक्याशी तिचं जवळचं नातं आहे. ताप असताना, आदल्या दिवशी खूप पळापळ झाली असताना किंवा पाळी चालू असताना हा आकडा उगाच वाढतो. म्हणून एकदा जास्त आला तर पुन्हा करायची. तीनपैकी दोनदा जास्त आला तर तो खरा धरतात, आणि या टप्प्यावर औषधानं पुष्कळ आवर घालता येतो.

रक्तदाब घेताना मुलाच्या दंडाच्या मापाचा पट्टा वापरायला सांगा. मोठ्या माणसाचा रुंद पट्टा बारक्या दंडाला गुंडाळला की दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, आणि वाढलेला दाब नजरेतून सुटतो. तेरा वर्षांपुढच्या मुलासाठी १३० वर ८० हा आकडा जास्तच आहे. त्याहून लहान मुलांसाठी वय आणि उंचीप्रमाणे तक्ता असतो, तो डॉक्टर बघतील.

याशिवायही रक्तातल्या अनेक खुणांची नावं कानावर येतात. पन्नास-साठ तपासण्यांचं पॅकेज घ्या, असे मेसेज मोबाईलवर सारखे येतात. त्यातली बहुतेक नावं संशोधनासाठी महत्त्वाची असली तरी आपल्या मुलाच्या उपचारात आज त्यांनी फरक पडत नाही. एक अपवाद सांगतो. घराण्यात कुणाला पंचावन्नच्या आत हृदयाचा झटका आला असेल किंवा कुणाचं कोलेस्टेरॉल जन्मजात जास्त असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा मुलांची चरबी दोन वर्षांच्या वयापासूनच बघतात, आणि लायपोप्रोटीन-ए नावाची एक तपासणी आयुष्यात एकदा करून घेणं उपयोगी ठरतं. बाकी पैसे वाचवा आणि त्याच पैशात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणा.

"आमचं पोर तर काडीसारखं आहे, त्याला कसली चरबी?" हा प्रश्न हमखास येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्यातून जगाला कळलं की आपली बाळं वजनानं कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा मोठा असतो. बारीक दिसण्यावरून रक्ताचा अंदाज बांधता येत नाही. पुण्यातच जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि डॉ. वामन खाडिलकर यांचा गट टाईप वनच्या मुलांची वाढ, हाडं, रक्तातली चरबी, रक्तवाहिन्या यांवर कित्येक वर्षं काम करतो आहे. म्हणजे आपल्या मातीतल्या मुलांबद्दलचं ज्ञान आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर तयार होत आहे. ते कर्जत तालुक्यातल्या वाडी-वस्तीवर पोहोचायला मात्र अजून वेळ लागतो आहे, आणि आपल्या लेकरांकडे तेवढा वेळ नाही.

इन्सुलिन चुकणं हा हृदयाचा सगळ्यात मोठा वैरी. पैसे नाहीत म्हणून बाटली पुरवून पुरवून वापरणं, दोन वेळचं इन्सुलिन एक वेळ करणं, कुणी झाडपाला दिला म्हणून ते बंदच करणं, हे आपल्या आसपास घडतं. टाईप वनमध्ये इन्सुलिन बंद केलं तर मूल दोन-चार दिवसांत जिवावर बेतेपर्यंत आजारी पडतं. कमी केलं तर तसं दिसत नाही, पण रक्तातली चरबी चढत राहते. दोन्ही टाळा. पैशांची अडचण असेल तर लपवू नका, डॉक्टरांना तोंडानं सांगा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जा, मुलाचा मधुमेह सांगा, या चार तपासण्यांची नावं सांगा, आणि सरकारी दवाखान्यांसाठी तपासण्या करणाऱ्या महालॅबकडे नमुना पाठवता येईल का ते विचारा. एखादी तपासणी तिथे होत नसेल तर नगरच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था आणि नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी उभी केलेली 'ड्रीम ट्रस्ट' ही संस्था गरीब घरातल्या टाईप वन मुलांना इन्सुलिन आणि शिक्षण पुरवण्याचं काम करतात. मागण्यात कमीपणा नाही.

आपल्या उन्हाळ्याचंही बघायला हवं. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यात इन्सुलिन खिडकीत किंवा फडताळात राहिलं तर त्याची ताकद जाते. मात्रा तीच घेतली तरी साखर वाढत राहते आणि दोष मुलाच्या खाण्याला दिला जातो. फ्रीज नसेल तर मातीचा एक माठ घ्या, त्यात ओली वाळू घाला, वाळूत लहान गाडगं बसवा आणि बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून त्या गाडग्यात ठेवा. वर ओलं फडकं, जागा सावलीची, आणि वाळूवर दिवसातून दोनदा पाणी. बाटलीत पाणी शिरता कामा नये. उघडलेल्या बाटलीवर पेनानं तारीख लिहा आणि २८ दिवसांनी ती वापरायची थांबा. फ्रीज असेल तर बाटली दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

कर्जत-जामखेडच्या काही गावांतून दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्यांच्या मधुमेही लेकरांसाठी ही तपासणी टोळी निघायच्या आधीच व्हायला हवी, आणि पुरेसं इन्सुलिन, सिरिंज, पट्ट्या सोबत हव्यात. मुकादमांना विनंती : टोळीत असं मूल असेल तर कारखान्याच्या जवळचा दवाखाना आधी ठाऊक करून घ्या. उचलीच्या हिशेबात मुलाचं औषध अडकू देऊ नका.

आता मुलींबद्दल. मुलीला मधुमेह आहे हे बाहेर कळलं तर पुढे लग्नाला अडचण येईल, या भीतीनं कितीतरी घरांत ही गोष्ट झाकून ठेवली जाते. इन्सुलिन कुणी बघू नये म्हणून शाळेत घेतलं जात नाही, पाहुणे आले की टाळलं जातं. लघवी तपासायला न्यायचं तर कुणाला तरी कळेल म्हणून ते राहून जातं. आणि बालपणी मधुमेह झालेल्या स्त्रियांचं आयुष्य पुरुषांपेक्षाही जास्त घटतं, हे स्वीडनच्या आकड्यांत आपण पाहिलंच. झाकून ठेवलेल्या आजाराची किंमत ती मुलगीच मोजते. आई-वडिलांनो, तिचा आजार सांगा, तिला इन्सुलिन उघडपणे घेऊ द्या, भावाइतकीच तिची तपासणी करा. साखर नीट सांभाळलेली मुलगी शिकते, कमावते, तिला मुलंबाळं होतात. आजार लपवून केलेल्या लग्नात हे सगळंच धोक्यात येतं.

शिक्षकांकडेही एक मागणं आहे. वर्गात मधुमेही मूल असेल तर खेळाच्या तासाला त्याला झाडाखाली बसवू नका. रोज तासभर खेळणं-पळणं हे त्याच्या रक्तातल्या चरबीवरचं मोठं औषध आहे. खेळण्याआधी साखर बघायची, खिशात गुळाचा खडा किंवा ग्लुकोज ठेवायचं, आणि बिनधास्त खो-खो, कबड्डी खेळू द्यायची. वर्गात डबा लवकर खायची आणि लघवीला जायची परवानगी त्याला मागावी लागू नये. शाळेसमोरच्या टपरीवर पामतेलात तळलेल्या पाच-दहा रुपयांच्या पुड्या आणि बाटलीतलं गोड पाणी सगळ्याच मुलांच्या वाहिन्यांना घातक आहे. आपल्याकडची ज्वारीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मटकी, मेथी, चिंचेचं सार हे जेवण मधुमेही मुलाला योग्य प्रमाणात उत्तम चालतं. वेगळं पथ्याचं ताट लावून त्याला घरात एकटं पाडू नका, घरानं मिळूनच बरं खावं. आणि मिश्री, गुटखा, बिडी घरातून हद्दपार करा. मधुमेही मुलाजवळ ओढलेली बिडी त्याच्याही रक्तवाहिन्यांवर येते.

आशाताई, अंगणवाडीताई आणि शाळा तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांना विशेष विनंती. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. गावोगावी फिरताना मधुमेही मुलांची नावं, वय, आजाराचं वर्ष आणि शेवटची तपासणी, एवढ्या चारच रकान्यांची यादी ठेवा. ज्या मुलाला वारंवार लघवी होते, सारखी तहान लागते, वजन उतरतंय, लघवीला मुंग्या लागतात, त्याच्या बोटाची साखर त्याच दिवशी बघा. पोटात दुखतंय, उलट्या होतायत, श्वास जोरात चाललाय म्हणून नुसती सलाइन लावून अशी मुलं दगावल्याचे प्रसंग आपल्या भागाला नवे नाहीत. जाड मुलांच्या मानेवर काळी, मखमली कातडी दिसली तर तीही डॉक्टरांना दाखवा. टाईप टू मधुमेह आता किशोरवयातही येऊ लागला आहे, आणि त्यात रक्तातली चरबी, लघवी, रक्तदाब हे सगळं निदानाच्या वेळीच बघावं लागतं.

हे सगळं आपल्याला झेपेल का, असं कुणी म्हणेल. शेजारच्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, शाळा न शिकलेल्या बायका तिथे रक्तदाब मोजायला शिकल्या, सुखरूप बाळंतपणं करू लागल्या, आणि जगभरातून लोक ते बघायला आले. १९७९ साली त्या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या तालुक्याच्या शिवेला लागून हे घडलं. आज आपल्याकडे रस्ते आहेत, मोबाईल आहेत, उपजिल्हा रुग्णालय आहे, दादा पाटील महाविद्यालयातली शिकती पोरं-पोरी आहेत, श्रमदानानं शहर झाडून काढणारे हात आहेत. मिरजगाव, राशीन, कुळधरण, माही जळगाव, सिद्धटेक, कुठल्याही गावातल्या मधुमेही मुलांची यादी तरुणांनी मनावर घेतलं तर आठवड्यात तयार होते.

राशीनच्या जगदंबेच्या नवरात्रात, गोदड महाराजांच्या रथयात्रेत हजारो माणसं जमतात. मंडळांनी आणि यात्रा समित्यांनी तिथे या चार तपासण्यांची नावं लिहिलेला एक फलक लावावा, आणि वर्गणीतला थोडा हिस्सा गावातल्या अशा एखाद-दुसऱ्या मुलाच्या पट्ट्यांसाठी काढून ठेवावा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. १४ नोव्हेंबरला बालदिन असतो, आणि इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मदिवशी येणारा जागतिक मधुमेह दिनही त्याच दिवशी असतो. त्या दिवशी शाळेत भाषणं होतातच, पण त्याआधी शाळेतल्या प्रत्येक मधुमेही मुलाचा तपासणीचा कागद मुख्याध्यापकांनी डोळ्यांखालून घालावा. तपासणी झालेली नसेल तर पालकांना बोलावून घ्यावं.

खाजगी डॉक्टर मंडळींनाही हात जोडून सांगणं आहे. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मधुमेही मुलाच्या केस पेपरवर एलडीएल, एसीआर, एचबीएवनसी, रक्तदाब आणि तारीख एवढं वरच लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर असला तरी त्याला ते दिसेल.

आणि आई-वडिलांनो, सोमवारी सकाळी मुलाला नाश्ता आणि इन्सुलिन देऊन, घरी घेतलेली लघवीची बाटली आणि जुने सगळे कागद पिशवीत घालून उपजिल्हा रुग्णालयात जा. एक दिवस मजुरी बुडेल. ती बुडू द्या, पण लेकराला तपासून आणा.